डब्याचं दूध

तान्ह्या बाळाला घेऊन विमानात बसायला निघालेली बाई लांबून ओळखू येते. खांद्याला तीन पिशव्या असतात आणि हवी ती वस्तू चौथीत राहिलेली असते. रांगेत उभी राहते तीच मुळी सगळ्यांची माफी मागत. दुधाच्या पावडरचा डबा, बाटल्या, थर्मास हे तिने पिशवीच्या पार तळाशी घातलेलं असतं, कारण जपून न्यायची वस्तू तळाशी ठेवायची असं आपल्याला घरी शिकवलेलं असतं. आणि विमानतळावर नेमकी तीच आधी बाहेर काढायला सांगतात. मग वरची दुपटी, झबली, लंगोट, ग्राइप वॉटर, कुठल्याशा देवीचा अंगारा, सगळा संसार टेबलावर येतो आणि मागचा माणूस घड्याळ बघायला लागतो.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मी असायचे.

एका विमान कंपनीच्या सुरक्षा विभागात माझी नोकरी झाली. सुरुवातीला दिसतात ते बंदूकवाले जवान वेगळे, ते सरकारी. आमचं काम त्यांच्यानंतरचं. परदेशी जाणाऱ्या विमानाच्या दाराजवळ टेबल मांडायचं, प्रवाशांच्या हातातल्या पिशव्या पुन्हा एकदा उघडून पाहायच्या, बायकांना पडद्याआड नेऊन तपासायचं, जेवणाच्या गाड्यांची सीलं बघायची. आमचं गाव अलिबागच्या आत, थळच्या अलीकडे. गावातले लोक विचारायचे, "म्हणजे तुम्ही एअरहोस्टेस?" मी म्हणायचे, "नाही, त्या हसतात. आम्ही हसत नाही."

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे विमानतळावरच्या गमती मागितल्या. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की मला दुधाच्या बाटल्याच आठवतात, आणि बाटल्यांपाठोपाठ एक खोटं आठवतं. माझी मुलगी मेघना झाली तेव्हा मला दूध येत नाही असं मी घरात सांगितलं होतं. येत होतं. पोरीला डब्याचं दूध लावलं आणि मी नोकरीवर परत गेले. या वर्षापर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. या वर्षी मेघना स्वतः आई झाली आणि तिच्या चिमीला घेऊन मस्कतला नवऱ्याकडे जायला निघाली. आईला दूध नव्हतं हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. ते तसंच ऐकून तिला जाऊ द्यायचं की खरं सांगायचं, हे मला तिचं विमान सुटायच्या आत ठरवायचं होतं.

आधी गमती सांगते. त्यांतूनच ते कळत जाईल.

मी रजेवरून परत रुजू झाले त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. कुवेतचं विमान होतं आणि रमजान चालू होता. मुरुडकडच्या एक आजी नातवाला घेऊन एकट्याच निघाल्या होत्या. बाळाची आई बाळंतपणाला इकडे आली होती, रजा संपली म्हणून पुढे निघून गेली होती, आणि आजी आता बाळाला पोचवायला चालल्या होत्या. त्यांची पिशवी उघडली आणि माझ्या जोडीदारणीने हात मागे घेतला. आत कागदाच्या पुड्या होत्या. देवळात खडीसाखर देतात तशा, प्रत्येकीला पांढरा दोरा बांधलेला. एक उघडली तर आत पांढरी पावडर.

विमानतळावर पांढऱ्या पावडरच्या पुड्या! आमच्या सुपरवायझर डिसिल्वा मॅडम चहा टाकून आल्या.

"हे काय आहे?"

"दूध," आजी म्हणाल्या.

"पुड्यांत?"

"मंग? वाटंत चमचे मोजीत बसू काय? एक पुडी, एक बाटली. घरशीच मापून बांधून आणलंय."

"डबा कुठेय याचा?"

"डबा भावजयीला दिला. डाळ ठेवायला. नुसता पत्रा मिरवीत नेऊ काय कुवेतला?"

तेव्हा पावडर तपासायची यंत्रं आमच्याकडे नव्हती. कापडाच्या पट्टीने पुसून यंत्रात घालायचं हे पुष्कळ नंतर आलं. तेव्हाची रीत एकच होती, चाखून दाखवा. ज्याचं दूध त्याने एक घोट घ्यायचा. घेतला तर प्रश्न मिटला, नाही घेतला तर साहेबांना बोलवा. रीत साधी होती आणि बहुतेक आया हसत हसत चाखायच्या.

"आजी, यातलं चिमूटभर चाखून दाखवा."

"माझा रोजा हाय."

"प्रवासात सूट असते ना?"

"असंल. मी घेतली न्हाय."

पाठीमागे रांग खोळंबली. तेवढ्यात बाळ रडायला लागलं, आणि ते रडायला लागल्याबरोबर माझ्या छातीतून कळ आली. ज्या बायकांनी पाजलेलं आहे त्यांना ही कळ सांगायला नको. कुणाचंही बाळ रडलं तरी दूध धावतं. मी दोन रुमाल घडी करून आत ठेवलेले असायचे, त्या दिवशी ते पुरले नाहीत. आजींनी माझ्या गणवेशाकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे.

"ल्हान हाय गो घरी?"

मी पुड्या मोजायला लागले.

"मंग तूच चाख. तुझा काय रोजा न्हाय."

हे कुठल्याही नियमात बसत नाही. प्रवाशाच्या पिशवीतली पांढरी पावडर सुरक्षा कर्मचाऱ्याने तोंडात टाकणं याच्याइतका मूर्खपणा दुसरा नाही, आणि पुढे मी नव्या मुलींना शिकवायला लागले तेव्हा तसं ठासून सांगायचे. पण मी चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली. डिसिल्वा मॅडम खिडकीतून विमान बघत राहिल्या. पावडर गोडसर होती, किंचित जळकट, टाळूला चिकटणारी. घरी माझी मुलगी रोज हेच पीत होती आणि ते कसं लागतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

पुड्या ओल्या होऊ नयेत म्हणून मी जेवणाच्या गाडीतून एक झाकणाचा डबा मागून आणून दिला. आजी जाता जाता थांबल्या. "पोरीला सांभाळतंय कोण?"

मुलगी आहे हे मी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपलं धरून टाकलं. "सासूबाई," मी म्हटलं.

"मंग बरा हाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं.

मेघना झाली तेव्हा माझी नोकरी कच्ची होती. रजा संपताच हजर झाले तर कायम, नाहीतर घरी. मी मुंबईत मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायचे आणि सुट्टी मिळाली की मांडव्याच्या लाँचने यायचे. पावसाळ्यात लाँच बंद, मग एसटी, मग येणं आणखी कमी. हे सगळं सासूबाईंना माहीत होतं. रजा संपत आली तशा त्या म्हणाल्या, "पोर अंगावर पितंय तंवर नोकरीचा नाव नको काढू गो. आईला सोडून बाटली चोखंल काय ती?"

तंवर म्हणजे आमच्याकडे पोर चालायला लागेपर्यंत. एका दुपारी मी त्यांना सांगितलं, "आई, दूध कमी झालंय." एवढं बोलायला काही वेळ लागला नाही. ते निभवायला लागला.

कारण सासूबाईंनी हार मानली नाही. आळिवाची खीर झाली, डिंकाचे लाडू झाले. मग त्यांनी मुशी मासा आणायला सुरुवात केली. आमच्या किनाऱ्यावर बाळंतिणीला मुशीचं कालवण देतात, दूध वाढतं म्हणून. मुशी रोज मिळत नाही. सासूबाई सकाळीच थळच्या किनाऱ्यावर जाऊन होड्या लागायची वाट बघत बसायच्या, कोळणींशी भांडून मुशी घेऊन यायच्या आणि समोर बसून मला खायला लावायच्या. मुशीने दूध खरोखर वाढतं हे मी अनुभवाने सांगू शकते, पण तेव्हा ते सांगण्याची सोय नव्हती. मी न्हाणीत जायचे, नळ मोठा सोडायचे आणि दूध पिळून टाकायचे. बाहेर पोर रडायची. नळाच्या आवाजात ते कमी ऐकू यायचं. परवा ह्यांना हा मजकूर वाचून दाखवला. ह्यांचं खाण्यावर फार प्रेम. ऐकून म्हणाले, "म्हणजे माझ्या वाटणीची मुशी मी उगाच सोडीत होतो."

शेजारपाजारच्या बायका विचारायच्या, "सुनंला दूध नाय गो तुझ्या?" सासूबाई उत्तर द्यायच्या, "नाय तर नाय. दात आले की मासोली खाईल माझी नात."

शेवटी डबा आला तो त्यांनीच हातात घेतला. बाटल्या उकळणार त्या, चमचा सुरीच्या पाठीने सपाट करणार त्या, पाणी मनगटावर टाकून बघणार त्या. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मेघना त्यांच्या हाताखाली गुटगुटीत झाली. वाचणाऱ्याला वाटेल की सासूबाईंना सगळं कळलेलं असणार आणि त्यांनी पोटात घातलं असणार. नाही. त्यांना कळलं असतं तर त्यांनी अंगणातून हाक मारून विचारलं असतं, चार घरांना ऐकू जाईल अशी. त्या गेल्या तोपर्यंत माझ्या बाजूनेच बोलत होत्या.

माझा गुन्हा काय, असं कुणी म्हणेल. डब्याच्या दुधाने पोर मोठी झालीच की. झाली. डब्याच्या दुधाबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट विमानतळावर मी त्याचीच वकिली करत आले. ज्या बायकांना "अंगावर का नाही पाजत" असं रांगेतली परकी माणसं विचारायची, त्यांच्या बाजूने मी कितीदा भांडलेय. मला बोचतं ते त्या मुशीचं. आणि त्याच्या पुढचं.

मधे एक हलकं सांगते. एकदा एक तरुण बाप एकटाच बाळाला घेऊन दोह्याला निघाला होता. पिशवी इतकी टापटीप की मला संशयच आला. एक मोठा थर्मास, तीन रिकाम्या बाटल्या, बस.

"पावडर कुठे?" मी विचारलं.

"थर्मासमध्ये," तो अभिमानाने म्हणाला. "घरीच सगळं गरम पाण्यात कालवून आणलं. चहा नेतो ना, तसं. आता नुसतं ओतायचं."

मी झाकण उघडलं. वास सांगत होता. मी काही बोलायच्या आत रांगेतल्या बायकांनी त्याला घेरलं. एक म्हणाली, "अहो, कालवलेलं दूध असं तासन्‌तास गरम ठेवतात का?" दुसरी म्हणाली, "बाळाची आई कुठंय?" तिसरीने आपल्या बाळाच्या डब्यातली पावडर त्याला काढून दिली. तिचा मोठा मुलगा मागून विचारत होता, "आई, हा काका नापास झाला का?" तो बाप रडकुंडीला आला होता. मी त्याला बाजूला घेऊन जे सांगितलं तेच आजही कुणालाही सांगते. पावडर कोरडी न्यायची, पाणी वेगळं, आणि जेव्हा पाजायचं तेव्हाच कालवायचं. विमान उशिरा सुटतं असं धरूनच पावडर जास्त घ्यायची. विमानातलं पाणी मागताना नुसतं गरम मागायचं नाही, निम्मं गार सांगायचं, कारण त्यांचं गरम म्हणजे चहाचं असतं. आणि विमान वर चढताना आणि उतरताना बाटली तोंडात असू द्यायची, म्हणजे कानात दडे बसत नाहीत. त्याने सगळं तळहातावर पेनने लिहून घेतलं. हात मात्र नंतर धुऊ नका म्हणून सांगायला मी विसरले.

आता ती गोष्ट जी मी गमतींमध्ये कधी सांगत नाही.

द्रव पदार्थांचे नियम कडक झाले त्यानंतरची. परदेशी विमानात हातातल्या पिशवीत लहान बाटल्यांपलीकडे काही द्रव चालत नाही. बाळाच्या दुधाला सूट आहे, प्रवासाला लागेल तेवढं न्या. पण बाळ बरोबर हवं. एक बाई मुंबईला कामासाठी येऊन घरी परत चालली होती, सिंगापूरला. बाळ तिकडे घरी होतं. इथे हॉटेलात तिने यंत्राने दूध काढून, बाटल्यांत भरून, बर्फाच्या पिशवीत घालून आणलं होतं. प्रवासी आमच्या कंपनीची, म्हणून आधीच्या सरकारी तपासणीपाशी मला बोलावलं.

"मॅडम, बाळाचं दूध आहे म्हणतात, पण बाळच नाही," तिथला नवा माणूस म्हणाला.

"बाळ घरी आहे," ती बाई म्हणाली. "म्हणूनच तर दूध नेतेय."

मी भांडले का? थोडं. जेवढं भांडायला हवं होतं तेवढं नाही. वरच्या साहेबांनी नाही म्हटल्यावर मी तिला मान हलवून दाखवली. ती बेसिनपाशी गेली आणि एकेक बाटली ओतली. तिने नळ सोडला नाही. पांढरं दूध जाताना दिसत होतं. मी शेजारी कागदी रुमाल घेऊन उभी राहिले आणि तिच्याकडे बघू शकले नाही, कारण मला ते काम येत होतं.

घरी गेल्यावर लक्षात आलं की तेव्हा सामान जमा करायचा काउंटर बंद व्हायला अजून अवकाश होता. त्या बाटल्या खालच्या सामानात टाकता आल्या असत्या, तिथे ही अट नसते. मी धावत गेले असते तर जमलं असतं. मला तिथून निघून जायचं होतं, म्हणून ते सुचलं नाही. त्यानंतर माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलीला मी सांगितलं, दूध एकीकडे आणि बाळ दुसरीकडे दिसलं की आधी काउंटरला पळायचं, बोलायचं नंतर. त्यामुळे पुढे काहींचं दूध पोचलं. तिचं नाही पोचलं.

आता मेघना.

पहिलं बाळंतपण माहेरी, तशी ती अलिबागला आली. चिमी झाली. दूध बेताचंच येत होतं. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास झाला होता?"

"आईला," मेघना म्हणाली. "तिला तर आलंच नव्हतं."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. होकाराची.

"मग फार जिवाला लावून घेऊ नका," त्या मेघनाला म्हणाल्या. "वरचं सुरू करा."

तिने आणखी थोडे दिवस प्रयत्न केला असता तर दूध वाढलं असतं की नाही, मला माहीत नाही. डॉक्टरबाईंनाही कदाचित सांगता आलं नसतं. पण तिने तो केला नाही, आणि का केला नाही हे मला माहीत होतं. पाहुणे आले की मेघना बाटली हलवत सांगायची, "आमच्या घरातच नाही हो." मी चहा करायला आत जायचे.

निघायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात चिमीची पावडर भरत होतो. आता कप्प्याकप्प्यांचे डबे मिळतात, एका कप्प्यात एका बाटलीची. मेघना चमचे मोजत होती, मी कप्पे पुढे करत होते. चिमी चटईवर पालथी पडून पाय मारत होती. मेघना तिला म्हणाली, "बघून ठेव गं चिमे. तुला मुलगी झाली की तुला पण हेच करायचंय. आपल्या घरातच नाही."

माझं खोटं चिमीच्या मुलीपर्यंत गेलेलं मी तेव्हा पाहिलं.

"मेघना, मला होतं," मी म्हटलं.

"काय होतं?"

"दूध."

ती हसली. "कधी?"

"तू झालीस तेव्हा. पुष्कळ होतं."

मग मी सगळं सांगितलं, न्हाणीतलं, मुशीचं. एवढं सलग मी तिच्याशी कधी बोलले नसेन. ती चमचे टाकत राहिली, मग थांबली, भरलेला कप्पा परत डब्यात ओतला आणि पहिल्यापासून मोजायला लागली.

"आजीला माहीत होतं?"

"नाही."

"बाबांना?"

"नाही."

"मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा तू मान हलवलीस."

"हो."

"आई, तू तिथेच बसली होतीस."

"हो."

तिने झाकण लावलं. मग म्हणाली, "म्हणजे मला एकटीलाच नाही."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटत होतं की खरं सांगून मी तिच्या मनावरचा दगड काढतेय. ती ज्याला टेकून उभी होती तो मी काढला. घराण्याचा दोष होता तोवर तिचा दोष नव्हता.

संध्याकाळी ती माझ्याशी बोलली नाही. जेवताना मीठ माझ्यासमोर होतं, तिने ते बाबांकडे मागितलं.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या नव्या विमानतळाला निघालो. हे गाडी चालवत होते, आम्ही दोघी मागे, चिमी मधे. वडखळला नेहमीप्रमाणे गाड्या तुंबलेल्या. चिमी उठली आणि रडायला लागली. मी थर्मास उघडला, तिने डबा उघडला. मी पाणी ओतलं, तिने पावडर टाकली, मी झाकण दिलं. चिमी चोखायला लागल्यावर मेघना पुढे वाकून म्हणाली, "बाबा, जरा गाणी लावा ना." गाणी लागल्यावर ती मागे टेकली आणि माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "तुला आवडायची का गं ती नोकरी?"

याची उत्तरं माझ्याकडे तयार होती. घराला हातभार, कायम व्हायची संधी, परत अशी नोकरी मिळाली नसती. ह्यांचा पगार तेव्हाही चांगला होता. एवढी वर्षं मी ती उत्तरं स्वतःलाच देत आले होते.

"हो," मी म्हटलं.

"किती?"

"तुला सोडून जाण्याइतकी."

ती चिमीच्या हनुवटीवरचा थेंब पुसत राहिली.

"मग हेच सांगायचं होतंस आजीला."

"त्यांनी जाऊ दिलं असतं?"

मेघनाने विचार केला. "आजीने? लाँचमधून ओढून आणलं असतं तुला. केसाला धरून."

आणि आम्ही दोघी हसलो. मेघना हसता हसता रडायला लागली आणि मीही.

"काय झालं गं?" पुढून ह्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. समोर बघा."

मग तिने माझा हात धरला असं लिहिलं तर ते खोटं होईल. तिचे दोन्ही हात चिमीच्या बाटलीत अडकले होते. पेणच्या पुढे तिने बाटली माझ्याकडे दिली आणि ढेकर काढायला चिमीला खांद्यावर घेतलं. विमानतळाच्या दारात तिने मला वाकून नमस्कार केला, ह्यांना केला, आणि पिशव्या सावरत आत गेली. तिकिटाशिवाय मला दारापलीकडे जाता येत नव्हतं. इतक्या वर्षांत विमानतळाच्या दाराबाहेर राहायची माझी ती पहिलीच वेळ.

पोचल्यावर तिचा फोन आला. चिमीने त्रास दिला नाही, कान दुखले नाहीत, पाणी निम्मं गार मागितलं तर एअरहोस्टेसने बरोबर आणून दिलं, असं सगळं सांगून झालं. मग म्हणाली, "शेजारी एक काकू होत्या. बाटली काढल्याबरोबर त्यांनी विचारलंच. अंगावर नाही पाजत?"

"मग?"

"नाही म्हटलं."

"आणि?"

"आणि काय? नाही म्हटलं, बस. त्या वाट बघत होत्या मी पुढे काहीतरी सांगेन म्हणून. मी बाटली हलवत बसले."

कसं वाटलं तुला, असं मी विचारणार होते. तेवढ्यात तिकडे चिमी कुरकुरली. मेघना फोन कुठेतरी ठेवून तिच्याशी बोलायला लागली, बंद करायचा राहिलाच, आणि मी इकडे कानाला लावून ऐकत बसले.